नव्या मॉनिटरवर ठिपका दिसतोय? पहिल्या आठवड्यात काय काय करायचं

नवा मॉनिटर लावला, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि त्या काळ्यात एक हिरवा नाहीतर लाल ठिपका चमकताना दिसला, की माणूस आधी बोटानं पुसून बघतो. पुसला जात नाही. मग ‘असू दे, सवय होईल’ म्हणून चार दिवस जातात, आणि नेमके तेच चार दिवस महागात पडतात.

मी सांगलीत घरून ऑटोकॅड या सॉफ्टवेअरवर ड्रॉइंगं करतो, बहुतेक कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांची. ऑटोकॅडची पार्श्वभूमी काळी असते. तिथे एक पिक्सेल, म्हणजे ज्या बारीक ठिपक्यांनी पडद्यावरचं चित्र बनतं त्यातला एक, कायम हिरवा राहिला तर तो आपणच टाकलेला पॉइंट वाटतो, आणि झूम केलं तरी जागचा हलत नाही. त्यामुळे हा विषय मला नाइलाजानं शिकावा लागला. मॉनिटर भांडून बदलूनही घेतला. आता ओळखीतलं कुणी मॉनिटर घेणार असलं की आधी मला फोन करतं. फोनवर जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. एखाद-दुसरा बिघडलेला पिक्सेल बहुतेक कंपन्यांच्या लेखी दोषच नसतो. तीन वर्षांची वॉरंटी असली तरी ‘मर्यादेत आहे’ एवढं सांगून तक्रार बंद होऊ शकते. याउलट विक्रेत्याची सुरुवातीची बदलीची मुदत असते, बहुधा सात किंवा दहा दिवसांची. तिच्यात तोच ठिपका बऱ्याचदा पुरेसं कारण ठरतो. म्हणून वॉरंटीवर विसंबू नका, बदलीच्या मुदतीवर विसंबा. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबानं लावल्यात.

१. पैसे देण्याआधी विचारून घ्या

ऑनलाइन घेत असाल तर मॉनिटरच्या पानावर तुमचा पिनकोड टाकून ‘रिटर्न’ आणि ‘रिप्लेसमेंट’ या दोन्ही शब्दांवर क्लिक करून वाचा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. मॉनिटरवर बऱ्याचदा फक्त बदली मिळते, पैसे परत नाहीत. आणखी एक बघा: तुमच्या पिनकोडवर परतीचा माल घरून उचलतात का. सांगली-मिरज शहरात सहसा अडचण येत नाही, पण जत, आटपाडी, शिराळ्याकडे राहत असाल तर हे आधी बघूनच घ्या. माल पोचवायला कुरिअर येतो, परत न्यायला मात्र ‘तुम्हीच पाठवा’ म्हणतात. सत्तावीस इंची मॉनिटर पुन्हा पॅक करून स्वतः पाठवणं म्हणजे खर्च आपला आणि काच फुटली तर जबाबदारीही आपलीच.

कंपनीचं पिक्सेल धोरणही शोधा. ते जाहिरातीत नसतं, कंपनीच्या संकेतस्थळावर सपोर्टच्या पानांत असतं. ‘इतके उजळ पिक्सेल, इतके काळे पिक्सेल चालतील’ असं त्यात लिहिलेलं असतं. काही कंपन्या महागड्या मॉडेलांवर जास्त उदार असतात. उदाहरणार्थ डेलच्या अल्ट्राशार्प मालिकेला ‘प्रीमियम पॅनल एक्स्चेंज’ आहे, त्यात एकही सतत उजळ पिक्सेल निघाला तर वॉरंटीत मॉनिटर बदलून देतात. पण तिथेही शब्द नीट वाचा: उजळ पिक्सेल. काळ्या पिक्सेलचा नियम वेगळा असतो.

दुकानातून घेणार असाल तर माझा सल्ला एकच. मॉनिटर तिथेच लावून बघायचा आणि मगच पैसे द्यायचे. विश्रामबागेतलं दुकान असो की मिरजेतलं, संभाषण साधारण असंच होतं:

‘काका, एकदा काळ्या स्क्रीनवर लावून बघू.’

‘अहो, सील फोडलं की घ्यावाच लागतो.’

‘घेतोच की. ठिपका नसला तर.’

बहुतेक दुकानदार कुरकुरत का होईना लावून दाखवतात. त्यांनाही नंतरची कटकट नको असते. ऑनलाइनपेक्षा हजार-दीड हजार जास्त गेले तरी मी आता दुकानाच्याच बाजूचा आहे, कारण इथे माणूस समोर असतो. मात्र बिल पक्कं घ्या. ‘जीएसटी नको असेल तर एवढे कमी करतो’ हे ऐकायला गोड लागतं, पण कच्च्या चिठ्ठीवर ना कंपनी वॉरंटी मानते, ना पुढे कुठे दाद मागता येते. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर दोन्ही लिहून घ्या.

२. खोकं उघडताना मोबाईल चालू ठेवा

खोक्यावरच्या कुरिअरच्या लेबलपासून व्हिडिओ सुरू करायचा आणि मॉनिटर चालू होईपर्यंत मध्ये कुठेही न तोडता काढायचा. लेबल, चिकटपट्टी, खोक्यावरचा सिरियल नंबर, थर्माकोल, बाहेर काढलेला मॉनिटर, त्याच्या पाठीवरचा सिरियल नंबर, मग चालू झालेली स्क्रीन. घरात दुसरं कुणी असेल तर त्यांच्या हातात मोबाईल द्या, कारण मॉनिटर काढायला दोन्ही हात लागतात.

हा व्हिडिओ ठिपक्यापेक्षाही तड्यासाठी लागतो. काच आतून तडकलेली असेल तर कंपनी त्याला ‘फिजिकल डॅमेज’ म्हणते आणि ते वॉरंटीत बसत नाही. तडा आला तेव्हा मॉनिटर कुणाच्या हातात होता एवढाच मग वाद उरतो, आणि व्हिडिओ नसेल तर तो आपण हरतो.

ओपन बॉक्स डिलिव्हरी असेल तर डिलिव्हरीवाला खोकं तुमच्यासमोर उघडतो आणि ओटीपी मागतो. तो फक्त बाहेरून फुटतूट बघतो. ओटीपी दिला म्हणजे माल बाहेरून धड मिळाला एवढं तुम्ही मान्य केलंत. आतल्या दोषाचा हक्क त्यामुळे जात नाही, तसं कुणी सुनावलं तरी.

मॉनिटर बाहेर काढताना कडेला धरा, पडद्यावर तळहात टेकवू नका. आणि खोकं, थर्माकोल, पिशव्या, केबल बांधलेली तारसुद्धा टाकू नका. घरातले म्हणतीलच ‘हे धूड कुठे ठेवायचं’, पण बदलीची मुदत संपेपर्यंत ते माळ्यावर जाऊ द्या.

३. त्याच दिवशी पाच रंग लावून बघा

लागणारं सामान फार नाही:

- चष्मा पुसायचं मऊ फडकं
- एखादं भिंग, किंवा मॅक्रो फोटो काढणारा मोबाईल
- पट्टी किंवा टेप
- दुसरा लॅपटॉप किंवा सीपीयू, आणि जमलं तर दुसरी एचडीएमआय केबल

मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या. तोवर पडदा कोरड्या फडक्यानं हलक्या हातानं पुसा. डाग निघत नसेल तर फडकं किंचित ओलं करा. काच पुसायचा फवारा थेट पडद्यावर मारू नका, वरचा लेप खराब होतो आणि द्रव कडेनं आत उतरतो.

आता डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मॉनिटरचं मूळ रेझोल्यूशन, म्हणजे आडवे-उभे मिळून त्याचे सगळे पिक्सेल, निवडलंय ना ते बघा. फुल एचडी असेल तर १९२० गुणिले १०८०. कमी ठेवलं तर चित्र ताणलं जाऊन कडा धूसर होतात आणि सलग रंग सोडून इतर चित्रावर एक एक पिक्सेल नीट कळत नाही.

रंग लावायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजमध्ये डेस्कटॉपच्या पार्श्वभूमीला ‘सॉलिड कलर’ निवडता येतो. आयकॉन लपवा, टास्कबार आपोआप लपणारा करा, झालं काम. किंवा पेंटमध्ये स्क्रीनएवढं चित्र करून त्यात रंग ओता आणि एफ ११ दाबून पूर्ण पडद्यावर बघा. काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा, हे पाचही रंग बघायचे. काळ्यासाठी खोलीतला दिवा बंद करा. बाकीच्यांना दिवा चालला तरी हरकत नाही.

बघताना नजर नांगरासारखी फिरवा: डावीकडून उजवीकडे, मग एक पट्टा खाली, पुन्हा तसंच. चोवीस इंची फुल एचडीवर एक पिक्सेल जेमतेम पाव मिलिमीटरचा असतो. मधोमध असेल तर लगेच डोळ्यांत भरतो, कोपऱ्यातला शोधावा लागतो.

४. ठिपका नक्की कसला ते ओळखा

इथे घाई करू नका. तक्रारीत काय शब्द लिहायचे, घरगुती उपाय करायचा की नाही, सगळं यावर अवलंबून आहे.

फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. प्रत्येकात लाल, हिरवा आणि निळा असे तीन सबपिक्सेल, म्हणजे एकूण ६२ लाख २० हजार ८००. प्रत्येक सबपिक्सेलला स्वतःचा बारीक ट्रान्झिस्टर असतो, तो त्याच्यातून किती उजेड जाऊ द्यायचा ते ठरवतो. चौपट पिक्सेल असलेल्या फोर के पडद्यावर हाच आकडा जवळजवळ अडीच कोटींवर जातो. त्यातला एखादा कारखान्यातच बिघडलेला निघतो. तुमच्या घरच्या व्होल्टेजशी याचा संबंध नाही. दुकानदार ‘महावितरणचं व्होल्टेज बघा आधी’ म्हणाला तर हसून सोडून द्या.

ठिपक्याचे तीन प्रकार धरा.

डेड पिक्सेल: कायम काळा. पांढऱ्या पडद्यावर काळा कण दिसतो, काळ्यावर गायब होतो.

अडकलेला पिक्सेल: एक सबपिक्सेल कायम चालू राहिलेला. लाल अडकला असेल तर काळ्यावर लाल दिसतो, हिरव्यावर पिवळा, निळ्यावर जांभळट गुलाबी, आणि पांढऱ्यावर दिसतच नाही. म्हणून नुसती पांढरी स्क्रीन बघून ‘ठीक आहे’ म्हणणारे फसतात.

सतत उजळ पिक्सेल: तिन्ही सबपिक्सेल चालू राहिलेले, काळ्यावर पांढरी चांदणी.

याशिवाय एकच सबपिक्सेल मेलेलाही असू शकतो. हिरवा मेला असेल तर हिरव्या पडद्यावर तिथे काळं दिसेल, पांढऱ्यावर जांभळट गुलाबी, आणि लाल किंवा निळ्यावर काहीच कळणार नाही. पाचही रंग बघायचे ते यासाठी.

पॅनलच्या, म्हणजे मॉनिटरमधल्या प्रत्यक्ष पडद्याच्या, जातीनंही फरक पडतो. आयपीएस आणि व्हीए पॅनलमध्ये विजेचा दाब मिळाला नाही तर पिक्सेल बंद राहतो, म्हणून बिघडलेला काळा दिसतो. टीएन पॅनलमध्ये उलट, दाब नसला की उजेड आरपार जातो, म्हणून तिथे तोच बिघाड उजळ ठिपका होऊन येतो. स्वस्त जुन्या मॉनिटरवर चमकणारे ठिपके जास्त दिसायचे त्याचं एक कारण हे.

आता जे बिघडलेले पिक्सेल नाहीतच ते बाजूला काढा.

धूळ. पडद्याच्या आत, काचेच्या थरांमध्ये कण अडकला असेल तर तो धूसर आणि वेडावाकडा दिसतो. भिंगातून बघा: पिक्सेल बिघडला असेल तर तो चौकटीत अगदी बरोबर बसलेला दिसतो, धूळ दोन-तीन पिक्सेलांवर पसरलेली असते.

चिलटं. ही आपल्याकडची खास अडचण. पावसाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी खिडकी उघडी राहिली की उसाकडचे बारीक किडे उजेडावर येतात आणि मॉनिटरच्या फटीतून थेट पडद्यामागे शिरतात. ठिपका सरकताना दिसला तर तो पिक्सेल नाही. त्याला बोटानं दाबू नका! तिथेच चिरडला तर कायमचा तिथेच राहील. मॉनिटर बंद करा, खोलीत दुसरीकडे दिवा लावा, रात्रभर तसंच राहू द्या. बहुतेक वेळा आपणहून निघून जातो.

कडेचा पांढुरका उजेड. काळ्या स्क्रीनवर कोपरे उजळ दिसणं हा मागच्या दिव्याचा झिरपलेला उजेड आहे. ती तक्रार वेगळी, तिला पिक्सेलचं नाव दिलंत तर तंत्रज्ञ ‘पिक्सेल ठीक आहेत’ लिहून निघून जाईल.

उभी किंवा आडवी अख्खी रेघ. ही सरळ सरळ बिघाडाची खूण. इथे पिक्सेलच्या मर्यादेचा प्रश्नच येत नाही, वॉरंटीत हक्कानं मागा.

शेवटची खात्री स्क्रीनशॉटनं करा. ठिपका दिसत असताना स्क्रीनशॉट काढून तो मोबाईलवर उघडा. मोबाईलवरही ठिपका त्याच जागी दिसला तर दोष ग्राफिक्स कार्डात किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे, मॉनिटरला दोष देऊ नका. दिसला नाही तर केबल बदला, दुसऱ्या लॅपटॉपला जोडा. तरीही जागचा हलला नाही तर तो पडद्याचाच. हे केलेलं असलं की ग्राहक सेवेच्या फोनवरची पोरगी ‘सर, केबल बदलून बघितली का?’ विचारते तेव्हा आपण लगेच पुढच्या प्रश्नावर जातो.

५. फोटो असा काढा की समोरच्याला मान्य करावं लागेल

मोबाईलचा कॅमेरा अंधारात ठिपक्याचा फुगा करतो. मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवा, मोबाईलचा नाइट मोड बंद ठेवा, ठिपक्यावर बोट ठेवून फोकस पक्का करा. पडद्यावर लाटालाटांची नक्षी येत असेल तर थोडं पुढे-मागे सरका.

एक फोटो पूर्ण पडद्याचा, ठिपक्याजवळ पेन्सिलीचं टोक धरून. टेकवू नका, नुसतं दाखवा. एक जवळून. एक पाठीमागच्या सिरियल नंबरचा. आणि एक छोटा सलग व्हिडिओ, ज्यात सिरियल नंबरापासून पुढे येऊन पाचही रंग बदलताना ठिपका दिसतो. पट्टीनं मोजून लिहून ठेवा: डावीकडून अमुक सेंटिमीटर, वरून अमुक. तंत्रज्ञ दिवसाउजेडी येतो, ट्यूबलाइटखाली उभा राहतो आणि म्हणतो, कुठे आहे ठिपका? तेव्हा माप कामी येतं.

६. भांडायचं की सोडून द्यायचं

माझं मत सांगतो. कोपऱ्यात एकच काळा पिक्सेल असेल, बाकी पॅनल स्वच्छ असेल, कडेनं उजेड झिरपत नसेल, तर मी तो ठेवून देईन. बदलीत दुसरा मॉनिटर येतो तोही कारखान्यातूनच येतो, आणि त्यात ठिपका नसला तरी कोपरे उजळ असू शकतात. काळा ठिपका पांढऱ्या कागदावर काम करताना थोडा खटकतो, बाकी वेळा विसरायला होतो.

उजळ किंवा रंगीत ठिपका मधल्या भागात असेल तर मात्र अजिबात ठेवू नका. ऑटोकॅड, फोटो, सिनेमा, काहीही बघताना तो डोळ्यांत टोचत राहतो. दोन ठिपके एकमेकांजवळ असतील तरी परत द्या. लग्नाचे फोटो सुधारण्याचं काम करणाऱ्यांनी तर कोपऱ्यातलाही सोडू नये, कारण त्यांना पडद्याचा प्रत्येक भाग सारखा लागतो.

दुकानदार ‘सवय होईल’ म्हणेल. सवय होते हे खरं आहे, पण ती आपण लावून घ्यायची की नाही हे त्यानं ठरवायचं नाही.

७. मुदतीत बदली मागा

मुदत कधीपासून मोजतात ते बघा. बहुधा माल पोचल्याच्या दिवसापासून, तुम्ही खोकं उघडल्यापासून नाही. गणपतीत घेऊन दिवाळीला उघडलेल्या मॉनिटरला बदली मिळत नाही.

हाताशी ठेवायची कागदपत्रं:

- पक्क्या बिलाची पीडीएफ किंवा स्पष्ट फोटो
- ऑर्डर नंबर, किंवा दुकानाचा बिल नंबर आणि तारीख
- सिरियल नंबरचे फोटो, खोक्यावरचा आणि मॉनिटरवरचा, दोन्ही जुळणारे
- खोकं उघडतानाचा व्हिडिओ
- ठिपक्याचे फोटो आणि मापं
- खोक्यावरच्या लेबलचा फोटो, ज्यावर निर्मितीचा महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा नंबर असतो

ऑनलाइन असेल तर ॲपमधूनच तक्रार नोंदवा, कारणात ‘डिफेक्टिव्ह’ निवडा. ‘आवडला नाही’ किंवा ‘गरज नाही’ निवडलंत तर परतीची वाटच बंद होऊ शकते. चॅटवर जे बोलणं होईल त्याचे स्क्रीनशॉट ठेवा. फोनवर कुणी ‘होईल सर, निवांत राहा’ म्हणालं तर निवांत राहू नका, त्याच मिनिटाला तोच मजकूर ईमेलनं पाठवा.

बऱ्याचदा आधी तंत्रज्ञ घरी पाठवतात. तो सज्जन असतो, पण त्याच्या हातात कंपनीचा तक्ता असतो. तो मोबाईलवर काहीतरी भरतो आणि भेट पूर्ण झाल्याचा ओटीपी मागतो. त्यानं काय भरलंय ते वाचल्याशिवाय ओटीपी देऊ नका. ‘ग्राहक समाधानी’ भरलेलं असेल तर बदलायला लावा. ठिपका दिसला हे त्याच्या अहवालात आलं पाहिजे, बदली द्यायची की नाही हे नंतर वरचे ठरवतील.

दुकानातून घेतला असेल तर फोन करत बसू नका, मॉनिटर खोक्यासकट घेऊन जा. नेताना उभा ठेवा, आडवा टाकून वर पिशव्या ठेवू नका. सकाळी दुकान उघडताच गर्दी नसते, तेव्हा जा. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलेलं असलं तरी गांगरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सदोष माल परत घ्यायला बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही त्याच यादीत आहे. हे दुकानात शांतपणे, आवाज न चढवता सांगायचं. पेठेत आपल्याला पुन्हा जायचं असतं.

८. मुदत संपली असेल तर वॉरंटी

इथे आकडे समजून घ्या, नाहीतर कंपनीचा माणूस एका वाक्यात गप्प करतो. पॅनलमधले किती बिघडलेले पिक्सेल चालतील याचे आंतरराष्ट्रीय वर्ग आहेत. २००१ चं आयएसओ १३४०६-२ हे मानक, आणि २००८ पासून त्याच्या जागी आयएसओ ९२४१-३०७. नव्या मानकातला वर्ग शून्य म्हणजे एकही दोष नाही. घरगुती मॉनिटर सहसा त्या वर्गात विकले जात नाहीत. जुन्या मानकातल्या वर्ग दोनमध्ये दर दहा लाख पिक्सेलांमागे दोन सतत उजळ, दोन सतत काळे आणि पाच बिघडलेले सबपिक्सेल चालत. फुल एचडीच्या वीस लाखांना हा हिशेब लावा: चार उजळ, चार काळे आणि वर दहा सबपिक्सेल. एवढं असूनही मॉनिटर ‘नियमात’! म्हणूनच पहिल्या आठवड्याचा आग्रह धरतोय.

तरीही दावा करायचाच असेल तर कंपनीचं पिक्सेल धोरण पुढ्यात ठेवून बोला. पडद्याच्या मधल्या भागाला, किंवा जवळजवळ असलेल्या दोन ठिपक्यांना वेगळी मर्यादा दिलेली असते का ते बघा. अनेक कंपन्यांचं सर्व्हिस सेंटर सांगलीत नसतं, कोल्हापूर किंवा पुणे सांगतात. आपण मॉनिटर घेऊन एसटीत बसण्याआधी विचारा: घरी येऊन बदलण्याची वॉरंटी आहे का? महागड्या मॉडेलांवर बहुधा असते आणि गिऱ्हाइकाला माहीतच नसते.

एक सापळा इथेही आहे. वॉरंटीत बदलून येणारा मॉनिटर नवाच असेल असं नाही, दुरुस्त केलेलाही असू शकतो, आणि वॉरंटी मूळ खरेदीच्या तारखेपासूनच चालू राहते. आपल्या ताब्यात जवळजवळ कोरा मॉनिटर असेल आणि दोष एका ठिपक्याचा असेल तर हा सौदा परवडतो का, ते आधी ठरवा.

९. घरगुती उपाय

हे उपाय फक्त अडकलेल्या, म्हणजे रंगीत ठिपक्यासाठी. काळा पिक्सेल यानं जिवंत होत नाही.

ठिपक्याच्या जागी वेगानं रंग बदलणारा चौकोन चालवायचा. ‘जेस्क्रीनफिक्स’ नावाचं साधन ब्राउझरमध्येच चालतं, चौकोन ओढून ठिपक्यावर आणायचा आणि निदान दहा मिनिटं, हवं तर तास-दोन तास सोडून द्यायचा. कधी सुटतो, कधी नाही, आणि सुटलेला पुन्हा अडकूही शकतो. घरात कुणाला फिट येत असेल तर त्यांच्यासमोर हे चालवू नका, झगमगणाऱ्या उजेडानं झटका येऊ शकतो.

फडक्यात पेन्सिल गुंडाळून ठिपका दाबायचा, गरम पाण्याची पिशवी लावायची, असे व्हिडिओ भरपूर आहेत. नव्या मॉनिटरवर हे करू नका. एकाच्या जागी शेजारचे चार जातात आणि दाबाची खूण उमटली की वॉरंटीही जाते. आणि बदलीची मुदत चालू असेल तर आधी तक्रार नोंदवा, मग चौकोन चालवा. ठिपका सुटला तर तक्रार मागे घेता येते.

१०. कुणीच दाद देत नसेल तर

आधी विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असते. त्याचं नाव आणि संपर्क ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर दिलेला असावा लागतो.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीतही बोलता येतं. तिथे न्यायनिवाडा होत नाही, पण तक्रार थेट कंपनीच्या संबंधित विभागाकडे जाते, आणि जे महिनाभर हललं नव्हतं ते बऱ्याचदा इथून हलतं. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचं काम इथेच मिटलं.

तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता बेंगळुरूचा असो की दिल्लीचा, तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात दावा करता येतो, म्हणजे सांगलीकरानं सांगलीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची, आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येतो. पंधरा हजारांच्या मॉनिटरसाठी तारखा घ्यायच्या का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी निदान नोटिशीपर्यंत जाईन, कारण बऱ्याच कंपन्या नोटीस बघूनच जाग्या होतात.

धंद्यासाठी मॉनिटर घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. बिल फर्मच्या नावावर आणि जीएसटी क्रमांकासह असेल तर समोरचा ‘हा ग्राहकच नाही, व्यापारी खरेदी आहे’ असा मुद्दा काढतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतःच वापरायला घेतलेली वस्तू कायद्यानं ग्राहकाचीच खरेदी धरली जाते, पण ते सिद्ध करायची कटकट मागे लागते. एकट्यानं काम करत असाल तर बिल कुणाच्या नावानं घ्यायचं ते आधीच ठरवा.

११. बदली आलेला मॉनिटर

यालाही पुन्हा सगळं तेच: लेबलपासून व्हिडिओ, मग अर्धा तास थांबून पाच रंग. जुना मॉनिटर न्यायला आलेला माणूस घाईत असतो, तरी त्याच्या गाडीत जुना चढण्याआधी नवा निदान काळ्या आणि पांढऱ्यावर बघून घ्या. जमत नसेल तर त्याच्या पावतीवर ‘नवीन मॉनिटर तपासलेला नाही’ एवढं स्वतःच्या हातानं लिहा आणि फोटो काढा. बदलीच्या मॉनिटरवर पुन्हा पूर्ण मुदत मिळते की जुन्याचे उरलेले दिवस, हे त्याच दिवशी चॅटवर विचारून लेखी घ्या. जुन्याबरोबर त्याचीच केबल आणि स्टँड जाऊ द्या, अदलाबदल झाली तर सिरियल नंबर जुळत नाही म्हणून परती अडकते.